बोर्ड क्लिअर

आमची इंजिनिअर्सची कंपनी त्या वर्षी पुण्याजवळ होती. पीस स्टेशन. सकाळी साडेपाचला फॉल-इन, मग पीटी, नाश्ता, ट्रेनिंग, संध्याकाळी व्हॉलीबॉल. मी हवालदार होतो, सर्व्हिस सतरा वर्षं. घर मुलुंड पूर्वेला. बायको आणि मुलगी तिथे राहायच्या आणि महिन्यातून एकदा आऊट-पास मिळाला की मी जायचो. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

कंपनी कमांडर होते मेजर दाबके. मूळ गिरगावचे, आवाज हळू, एकच गोष्ट दोनदा न विचारणारे. नवीन अधिकारी आला की ते त्याला माझ्यासमोर आणायचे आणि म्हणायचे, "मोहिते सांगतो म्हणजे झालं. परत बघायला जाऊ नकोस." हे ऐकताना मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

फौजेत प्रत्येक जवानाला एक बडी असतो. जोडीदार. दोघं शेजारी झोपतात, एक आजारी पडला तर दुसरा त्याचं जेवण आणतो, त्याची रायफल साफ करतो, स्टोअरमधून त्याचं सामान उचलतो. कुणी सांगावं लागत नाही. माझ्या सेक्शनमध्ये नाईक शिर्के आणि लान्स नाईक अमोल वानखडे हे बडी होते. शिर्के साताऱ्याकडचा, बोलका. वानखडे मानखुर्दचा. त्याचे वडील विदर्भातून आलेले, मुंबईत पाण्याच्या खात्यात नोकरीला होते. वानखडे शांत होता, पण गप्प नव्हता. जेवायला बसला की शिर्केच्या ताटातलं लोणचं न विचारता घ्यायचा आणि म्हणायचा, "तुझ्या बीपीची काळजी आहे रे मला." शिर्केला बीपी नव्हतं.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर आली. घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली होती, गल्ली अरुंद होती, बचावासाठी जवानांची एक तुकडी, एक कॉलम पाठवायचा होता. सहाला गाड्या निघाल्या. दहा पन्नासला आम्ही पोचलो.

इमारत पुढच्या बाजूने खाली बसली होती. मागची भिंत मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत उभी होती आणि शेजारच्या चाळीकडे कलली होती. ढिगाऱ्याच्या डाव्या अंगाला दोन स्लॅबमध्ये फट सापडली. तिथून सरपटत सात-आठ मीटर आत जाता येत होतं. आम्ही तिला टनेल म्हणू लागलो. एका वेळी दोनच माणसं, पाऊण तासाची शिफ्ट.

अशा कामाचा एक नियम आहे आणि तो मला नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टनेलबाहेर एक बोर्ड लावतात. प्लायवूडचा तुकडा, त्यावर खिळे. प्रत्येकाकडे नंबर खोदलेला पितळी बिल्ला असतो. आत जाताना आपला बिल्ला आपल्या हाताने खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. बोर्डावर एक जरी बिल्ला असला तरी कुठलंही मशीन चालत नाही. बोर्ड सांभाळायला एक एनसीओ, म्हणजे नाईक किंवा हवालदार, उभा असतो. त्या दिवशी तो मी होतो.

टनेलच्या तोंडाशी जागा नव्हती म्हणून बोर्ड तीस पावलांवर, विजेच्या खांबाला बांधला. मध्ये पाण्याचा टँकर उभा होता. माझ्या जागेवरून टनेलचं तोंड दिसत नव्हतं. बाहेर येणारी माणसं सिमेंटने पांढरी झालेली, गुडघे सोललेली असायची. बाराच्या सुमारास एक जोडी बाहेर आली. त्यातला एक टँकरपाशीच बसला आणि दुसऱ्याने येऊन दोघांचे बिल्ले काढले. मी काही बोललो नाही. बडीने बडीचं काम केलं, त्यात काय बोलायचं. पुढच्या जोडीनेही तेच केलं. तीन वाजेपर्यंत तीच पद्धत पडून गेली. ती मोडणं माझं काम होतं.

दोन वाजता आतून आवाज मिळाला. हंसाबेन नावाच्या साठीच्या बाई स्वयंपाकघरात ओट्याशेजारी अडकल्या होत्या, पाय दारावरच्या काँक्रीटच्या तुळईखाली, लिंटेलखाली. पावणेतीनला शिर्के आणि वानखडे आत गेले. दोघांनी आपापले बिल्ले लावले. वानखडेने जाता जाता माझ्याकडे चहा मागून ठेवला, साखर कमी. त्यांनी लिंटेलखाली एक जॅक लावला. साडेतीनला शिफ्ट संपली. पुढची जोडी दुसरा जॅक घेऊन तयार होत होती.

आत काय झालं ते नंतर कळलं. शिर्के म्हणाला चल, वानखडे म्हणाला तू हो पुढे, पुढची जोडी आली की येतो. जखमी माणसाला एकटं सोडायचं नाही ही आमची स्टँडिंग ऑर्डर होती. शिर्केला वाटलं, दोन मिनिटांत येईल. तो बाहेर आला, टँकरला वळसा घालून बोर्डापाशी आला आणि सवयीने दोन बिल्ले काढले. एक स्वतःच्या खिशात, एक हातात. मी पाहिलं. मी त्याला वानखडे कुठे आहे असं विचारलं नाही. आला असेल, टँकरमागे बसला असेल, असं धरून चाललो. शिर्के गल्लीच्या टोकाला स्टोअरच्या गाडीकडे गेला.

तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मागच्या भिंतीतून माती गळायला लागली. चाळ सकाळी रिकामी केली होती, पण दुपारी चार-पाच माणसं कपाटं, कागद काढायला परत आत शिरली होती. मेजर साहेब तिथे होते, माणसांना ओढून बाहेर काढत होते. भिंत चाळीवर गेली असती तर ती माणसं गेली असती. पोकलेनने ती आमच्या ढिगाऱ्याच्या बाजूला पाडायची, एवढा एकच मार्ग होता. हंसाबेन आत होत्या, पण त्यांच्यावरच्या लिंटेलला जॅकचा आधार होता, तो टिकेल यावर भरवसा ठेवायचा होता. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला.

"मोहिते, बोर्ड?"

"बोर्ड क्लिअर, साहब."

"पक्का?"

"पक्का, साहब."

ऑर्डर देण्याआधी तीन छोट्या शिट्ट्या मारायच्या असतात, म्हणजे आत कुणी राहिलं असेल तर त्याला कळतं. त्यांनी शिट्टी मारली नाही. वेळ नव्हता आणि बोर्ड क्लिअर होता. तीन बेचाळीसला भिंत ढिगाऱ्यावर आली. चाळीतल्या कुणालाही खरचटलं नाही.

चार मिनिटांनी शिर्के परत आला आणि मला विचारलं, "हवालदार, अमोल कुठाय?"

वानखडेला आम्ही सव्वासहाला बाहेर काढलं. तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या बोळात, हंसाबेनपासून हातभर अंतरावर होता. जिवंत नव्हता. हंसाबेन जॅकमुळे वाचल्या. साडेआठला त्यांना काढलं, त्यांचा डावा पाय गेला.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. त्यांना मी त्याच कंपनीचा आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला खूप भीती वाटत होती, वरून माती पडत होती, मी त्याला सांगत होते की तू जा. आणि तो काय म्हणाला ते त्यांनी त्याच्या शब्दांत सांगितलं.

"मासी, मेरा बिल्ला बाहर टंगा है. वो जब तक टंगा है, मशीन नहीं चलेगी. हमारे हवालदार खड़े हैं वहाँ."

मी त्यांना नमस्कार करून बाहेर आलो. हे वाक्य मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

महिन्याभराने कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आदल्या दिवशी मी शिर्केला मेसमागे गाठलं. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, सगळं सांगून टाकतो म्हणत होता. मी त्याला म्हणालो, तुला आठवत नाही एवढंच सांग. तुझे आई-वडील आहेत, दोन बहिणी आहेत. गेलेला काही परत येत नाही. मी त्याचा सीनियर होतो. त्याने ऐकलं.

मला विचारलं, बोर्ड क्लिअर होता का? मी हो म्हणालो. ते खरं होतं. बिल्ला कुणी काढला ते पाहिलं का? मी नाही म्हणालो. हंसाबेनची साक्ष झाली नाही, जखम चिघळून त्या तेव्हा पुन्हा आयसीयूत होत्या, बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या, आणि मी त्यांचं नाव पुढे केलं नाही. मेजर साहेबांना विचारलं, शिट्टी का मारली नाही? ते म्हणाले, माझ्या हवालदाराने बोर्ड क्लिअर सांगितलं होतं, पण शिट्टी मारणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. त्यांनी माझ्यावर एक अक्षर ढकललं नाही.

बिल्ला ढिगाऱ्यात हरवला असं धरून निष्कर्ष असा निघाला की वानखडेने शिफ्ट संपल्यावर स्वतः बिल्ला काढला आणि ऑर्डरशिवाय, बिल्ला न लावता परत आत गेला. मेजर साहेबांवर ठपका आला. पुढे ते लेफ्टनंट कर्नल झाले ते सर्व्हिसच्या वर्षांमुळे. त्यापुढच्या निवडीत नाव आलं नाही, रेजिमेंटची कमांड मिळाली नाही आणि ते मुदतीआधी बाहेर पडले. मी त्याच वर्षी नायब सुभेदार झालो. खांद्यावर फीत चढवायला तेच आले होते.

मी रिटायर होऊन मुलुंडला आलो तेव्हा त्यांचा फोन आला. अंधेरीला एका बिझनेस पार्कच्या सिक्युरिटी आणि सेफ्टीचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणाले, "सुपरवायझर हवाय. तू येणार, बाकी कुणाला मी विचारलेलं नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. कारण काय सांगणार होतो? सोमवारी हजर झालो.

चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. पंचाहत्तर गार्ड, तीन शिफ्ट, सात मजल्यांच्या दोन इमारती. मास्टर चाव्यांचं कपाट माझ्याकडे. रोजचे रिपोर्ट ते न वाचता सही करायचे. मी एकदा म्हणालो, साहेब, एकदा नजर टाका. ते म्हणाले, "तू लिहिलंयस ना?" दीड वाजता आम्ही त्यांच्या केबिनमध्ये डबा खायचो. त्यांच्या पत्नी माझ्यासाठी वेगळी चटणी पाठवायच्या, कमी तिखट, मला अल्सर होता म्हणून. ती चटणी मी तशीच झाकून घरी न्यायचो.

दर वर्षी वानखडेच्या स्मृतिदिनाला ते मानखुर्दला त्याच्या वडिलांकडे जायचे. मला बोलवायचे. मी चार वर्षं चार कारणं दिली.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर सकाळी अकराला फायर ड्रिल ठेवलं होतं. अलार्म वाजला, सगळे जिन्याने खाली आले. प्रत्येक मजल्याचा गार्ड आपला मजला रिकामा असल्याचं मला सांगतो, मी सातही मजले धरून साहेबांना सांगतो. चौथ्या मजल्याच्या गार्डने हात वर करून खूण केली. मी साहेबांना म्हणालो, इमारत रिकामी आहे. साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या क्लायंटच्या मॅनेजरला सांगितलं, इमारत रिकामी, वेळ नऊ मिनिटं.

तेवढ्यात कुणीतरी वर बोट दाखवलं. चौथ्या मजल्याच्या काचेमागे हाऊसकीपिंगच्या एक मावशी काच पुसत होत्या. कानात इअरफोन. खाली एवढी माणसं का जमली आहेत म्हणून त्या आमच्याकडे बघत होत्या. काही जण हसले. कुणीतरी म्हणालं, "मावशी, जळालात की तुम्ही."

मॅनेजर तिशीतला असेल. तो म्हणाला, "कर्नल साहेब, तुमचे सुपरवायझर तर म्हणाले सगळे बाहेर आले. खरी आग असती तर वाट लागली असती ना."

साहेब म्हणाले, "चूक माझी आहे. मी स्वतः खात्री करून घ्यायला हवी होती. त्यांचा काही दोष नाही."

 मी गार्डरूममध्ये जाऊन पाणी प्यायलो. गार्डला ओरडलो नाही. तो मला म्हणाला की त्या रोज अकराच्या आधीच पँट्रीतून खाली येतात, म्हणून आज पण आल्या असतील असं धरलं. मी त्याला जा म्हटलं.

सव्वापाचला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. त्यांना वाटलं मी सकाळचं बोलायला आलोय. म्हणाले, सोड रे, होतं असं. मी म्हणालो, साहेब, घाटकोपरचं बोलायचं आहे. आणि उभ्याने सगळं सांगितलं. दुपारपासून मी एकाला दुसऱ्याचे बिल्ले काढू देत होतो ते. शिर्केचे दोन बिल्ले. मेसमागचं बोलणं. हंसाबेन. दहा मिनिटं लागली असतील.  टेबलावर त्यांचा चष्मा होता, तो त्यांनी घडी करून केसमध्ये ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "शिर्के बिल्ले काढताना तू पाहिलंस?"

"हो, साहेब."

"बाई हे बोलल्या ते इन्क्वायरीच्या आधी?"

"आधी."

त्यांनी चष्म्याची केस ड्रॉवरमध्ये टाकली. बाहेर शिफ्ट बदलत होती. मग म्हणाले, "माझं जे झालं ते झालं. शिट्टी मी मारली नव्हती. पण मी त्याच्या बापासमोर बसून दर वर्षी काय सांगत आलो, माहीत आहे? की तुमचा मुलगा ऑर्डर मोडून गेला, पण धाडसाने गेला. आणि ते दर वर्षी मला म्हणतात, अमोल ऑर्डर मोडणाऱ्यातला नव्हता. मी त्यांची समजूत घालतो, मोहिते. अकरा वर्षं मी त्या माणसाची समजूत घालतोय."

मी राजीनामा लिहून आणला होता. तो टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"हा देऊन तुम्ही मोकळे व्हाल. उद्या ड्युटीवर या. रविवारी मानखुर्दला जायचं आहे. बोलायचं तुम्ही, मी नुसता बसणार."

एवढ्या वर्षांत ते मला पहिल्यांदा तुम्ही म्हणाले.

रात्री मी घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि आधी विचारलं, नोकरी राहील ना? मी राहील म्हणालो. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासलेली होती.

शनिवारी मी शिर्केला फोन केला. तो गावी असतो, शेती बघतो. मी म्हणालो, उद्या मी वानखडेच्या वडिलांना सांगणार आहे. तो म्हणाला, "माझं नाव घ्या, हवालदार. मी पण त्यांना फोन करतो. तुम्ही बघितलं होतंत हे मला माहीत होतं. मी वाट बघत होतो, तुम्ही कधी बोलाल." त्याने अजून मला हवालदारच म्हटलं. नायब सुभेदार झालो ते त्याने कधी तोंडाने मानलं नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं.

कुठे जायचं असलं की साहेब गाडीची चावी माझ्याकडे टाकायचे. रविवारी ते स्वतः चालवत होते. 

वानखडेचे वडील दुसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडली आहे, पाण्याच्या खात्यातून चावीवाला म्हणून रिटायर झाले. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं, कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते बघणं, हे त्यांचं काम. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली अमोलचा युनिफॉर्ममधला. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. साहेब म्हणाले, हे मोहिते, त्या दिवशी बोर्डावर होते. एवढं बोलून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

मी सांगितलं. केबिनमध्ये सांगितलं होतं त्यापेक्षा सावकाश, कारण त्यांना मशीन, बिल्ला सगळं समजावून सांगावं लागेल असं मला वाटत होतं. पण त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"आमच्याकडे चप्पल असते," ते म्हणाले. "माणूस खड्ड्यात उतरला की चप्पल काठावर काढतो. काठावर चप्पल दिसली की कुणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. मग तो इंजिनिअर असो नाहीतर कुणी असो. दुसऱ्यानं चप्पल उचलली, असंच झालं ना?"

"हो."

"आणि तुम्ही पाहून राहिले होते."

"हो, काका."

त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहितो. त्यांनी विचारलं, अमोल त्या बाईंजवळ किती वेळ होता? मी सांगितलं, सत्तावन्न मिनिटं, त्यातली शेवटची बारा मिनिटं शिफ्ट संपल्यावरची. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग हंसाबेनला तो काय म्हणाला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

साहेब उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "वानखडे, तुम्ही बरोबर होतात. मी चुकीचं सांगत होतो."

काका म्हणाले, "तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मला सांगितलं. बसा." मग माझ्याकडे वळले. "हे कागदावर लिहून द्या. आज. इथं बसून."

मी लिहिलं. तीन पानं झाली. साहेबांनी त्यांचं वेगळं पान लिहिलं. सोमवारी ते सगळं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने गेलं. शिर्केनेही त्याचं पाठवलं. हंसाबेन आता मुलाकडे असतात, त्यांनी मुलाच्या हाताने लिहून सही केली. अर्ज मिळाला, विचाराधीन आहे, एवढं उत्तर आलं. त्याला आता आठ महिने होतील. माझ्यावर कारवाई झाली तर मी हजर आहे, असं मी शेवटी लिहिलं आहे.

नोकरी चालू आहे. चाव्यांचं कपाट आता साहेबांच्या केबिनमध्ये असतं, मी सही करून चाव्या घेतो आणि सही करून परत देतो. रिपोर्ट ते ओळीन् ओळ वाचतात. डबा मी गार्डरूममध्ये खातो. सुरुवातीला मला वाटायचं, काही दिवसांनी निवळेल. ते कधी आवाज चढवत नाहीत, कधी टोमणा मारत नाहीत. मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी स्वतः फोन करून कुणाशी तरी बोलले. पण मी काहीही सांगितलं की ते "ठीक" म्हणतात आणि मग जाऊन बघतात.

मार्चमध्ये पुन्हा ड्रिल झालं. या वेळी मी सातही मजले स्वतः फिरलो, पँट्री, टॉयलेट, सर्व्हर रूम, सगळं उघडून पाहिलं आणि खाली येऊन रिपोर्ट दिला. साहेब ठीक म्हणाले, माझ्या हातातली यादी घेतली आणि जिना चढू लागले. त्यांचा उजवा गुडघा खराब आहे. मी बावीस मिनिटं खाली उभा होतो. गार्ड माझ्याकडे बघत होते, मॅनेजर घड्याळाकडे. खाली येऊन त्यांनी यादीवर सही केली. वर कुणी नव्हतं. त्यांनी तसं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी थकतो आता. पण त्या जिन्यावर त्यांच्या मागे जाऊन, साहेब मी पाहिलंय, असं म्हणायचा हक्क मला नाही, हे मला समजतं.

या वर्षी स्मृतिदिनाला मानखुर्दच्या विहारात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. वंदना झाली. आजवर दर वर्षी साहेब चार शब्द बोलायचे. या वेळी काकांनी मला पुढे बोलावलं आणि इतकंच म्हणाले, कागदावर लिहून दिलं ते सगळ्यांना सांगा. साहेब पहिल्या रांगेत होते. शिर्के गावाहून आला होता, दाराशी उभा होता.

भाषण मला जमत नाही. मी रिपोर्ट देतो तसा सावधान उभा राहिलो आणि सांगितलं. लान्स नाईक अमोल वानखडे, वय सत्तावीस. दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी ते ड्युटीवर होते. जखमीला एकटं सोडायचं नाही ही ऑर्डर होती आणि ते ती पाळत होते. त्यांचा बिल्ला त्यांनी काढला नव्हता. ते परत आत गेले नव्हते. ते बाहेर आलेच नव्हते, आणि मी ते विचारलं नाही.